केंटकीत पाणी न घातलेली बोर्बन

गुरुवार : लुईव्हिल

ऑक्टोबरात लोक केंटकीला झाडांचे रंग बघायला जातात. आम्ही गेलो बोर्बनसाठी, आणि बोर्बनमधल्याही एकाच प्रकारासाठी : निरनिराळ्या बॅरलांतली व्हिस्की मिसळून, पाणी न घालता बाटलीत भरलेली. सोबत सिनसिनाटीची ताई आणि भाऊजी. भाऊजी मूळचे नाशिकचे, रंगांच्या कंपनीत रसायनतज्ज्ञ, आणि या विषयातलं त्यांचं वाचन माझ्यापेक्षा दांडगं. ताई पीत नाही, म्हणून गाडी तिच्याकडे. पण वास घ्यायला ती सर्वांत पुढे असते आणि तिचं नाक आम्हा दोघांपेक्षा तिखट आहे.

ज्यांना या प्रकरणाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. किमान ५१ टक्के मका, ओकचं नवंकोरं आणि आतून जाळलेलं बॅरल, आणि अमेरिकेत बनलेली, अशी व्हिस्की म्हणजे बोर्बन. डिस्टिल करताना १६० प्रूफच्या वर जायचं नाही, बॅरलमध्ये भरताना १२५ च्या वर नाही. अमेरिकेतला प्रूफचा आकडा अल्कोहोलच्या टक्केवारीच्या दुप्पट असतो, म्हणजे १२५ प्रूफ म्हणजे ६२.५ टक्के. मुरल्यावर बहुतेक बोर्बन पाणी घालून ४० ते ५० टक्क्यांवर आणतात. तसं न करता बॅरलमधून निघालेल्या ताकदीवरच भरली, तर ती बॅरल प्रूफ किंवा कास्क स्ट्रेंग्थ.

अमेरिकेतल्या शौकिनांना सध्या दोन गोष्टींचं वेड आहे. एक, सिंगल बॅरल, म्हणजे एकाच बॅरलमधली बाटली. दुसरं, मोठा आकडा. १४० प्रूफच्या पुढच्या बाटलीला इथे कौतुकाने ‘हॅझमॅट’ (धोकादायक माल) म्हणतात, कारण ७० टक्क्यांच्या वरची दारू विमानात चढवता येत नाही. मला यातलं कुठलंच वेड पटत नाही. एखादं बॅरल चांगलं निघणं हा बराचसा नशिबाचा भाग आहे. पन्नास बॅरलं नाकाखालून घालून त्यांतून एक चव उभी करणं ही मात्र कला आहे, आणि ती कला पाण्याच्या आडोशाशिवाय बघायची तर कास्क स्ट्रेंग्थ मिश्रणंच चाखायला हवीत.

दुपारी लुईव्हिलच्या मेन स्ट्रीटवर चक्कर मारली. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भिंतींच्या जुन्या इमारतींची ही रांग ‘व्हिस्की रो’ म्हणून ओळखली जाते. फ्रेझियर म्युझियममध्ये बोर्बन ट्रेलची, म्हणजे डिस्टिलऱ्या बघत फिरण्याच्या वाटेची, सुरुवात होते. तिथे फार वेळ घालवला नाही, डोळे संध्याकाळकडे होते.

संध्याकाळी बारमध्ये बॅरल क्राफ्ट स्पिरिट्सच्या दोन बॅच समोर घेऊन बसलो. ही कंपनी जो बीट्रिस यांनी २०१३ मध्ये लुईव्हिलमध्ये सुरू केली, तीही स्वतःची डिस्टिलरी न उभारता. इंडियाना, टेनेसी, केंटकी अशा राज्यांतून मुरलेली बॅरलं विकत घ्यायची, मिसळायची आणि पाणी न घालता भरायची. प्रत्येक बॅचला नंबर, आणि संपलेली बॅच पुन्हा तशीच बनवायची नाही. सुरुवातीला अनेकांनी नाकं मुरडली की यांनी बनवलं काय, दुसऱ्याचंच तर भरलं. मला हा आक्षेप मुळात चुकीचा वाटतो. धान्य शिजवून वाफ काढणं हे एक कसब, आणि मुरलेल्या मालातून चव घडवणं हे दुसरं. दोन्ही एकाच छपराखाली असायला हवीत असं कुणी ठरवलं?

लेबल वाचताना मात्र एक गोष्ट बघून घ्यावी. ‘ब्लेंड ऑफ स्ट्रेट बोर्बन व्हिस्कीज’ असं लिहिलं असेल तर आत फक्त स्ट्रेट बोर्बन असतात, म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेल्या. ‘ब्लेंडेड बोर्बन’ मध्ये कायद्याने ५१ टक्केच स्ट्रेट बोर्बन पुरते, बाकीचा भाग बेचव स्पिरिटचाही चालतो. दोन्ही बाटल्या दुकानात एकाच फळीवर दिसू शकतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पहिल्या बॅचच्या वासात भाजलेला मका, काकवी आणि मागून जायफळ. दुसरीत फळं जास्त, पिकलेल्या जर्दाळूसारखी, आणि टेनेसीच्या मालात अनेकदा सापडणारा खनिजासारखा कोरडेपणा. दोन्ही ११५ च्या आसपास, पण घशाला चटका नाही. बारवाल्याने हौसेने तिसरी एक बाटली पुढे केली, १३० च्या पुढची, तिचं नाव मी लिहिणार नाही. तिच्यात आकड्याशिवाय काही नव्हतं. कोवळं लाकूड, कच्चा मका आणि आग. भाऊजींनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, “ही मुरलेली नाही रे, नुसती तापलेली आहे.”

शुक्रवार : क्लेरमाँट आणि बार्डस्टाउन

सकाळी क्लेरमाँटला जिम बीम डिस्टिलरीच्या आवारात. बॅरल प्रूफ बोर्बन आज सगळीकडे दिसते त्याचं बरंच श्रेय इथल्या बुकर नो यांना द्यावं लागतं. जिम बीम यांचे हे नातू. पाणी न घातलेली, न गाळलेली बोर्बन ते घरी पीत आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी ती मित्रांना सणाची भेट म्हणून त्यांनी बाटल्यांत भरली. तीच पुढे ‘बुकर्स’ झाली.

बुकर्सबद्दल मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक बॅचसोबत कंपनी सांगते की कुठल्या गोदामातून, कितव्या मजल्यावरून किती टक्के बॅरलं आली. धान्याचं प्रमाण तेच, यीस्ट तेच. फरक मुख्यतः बॅरल कुठे ठेवलं होतं याचा. आणि तेवढ्यावर चव बदलते.

ती का बदलते हे गोदामात शिरलं की आपोआप कळतं. इथल्या गोदामाला रिकहाउस म्हणतात. बाहेर पत्रा, आत लाकडी सांगाडा, त्यावर आडवी रचलेली सुमारे २०० लिटरची बॅरलं. एसी नाही, हीटर नाही. उन्हाळ्यात वरचे मजले भट्टीसारखे तापतात. गरमीत व्हिस्की लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते आणि येताना लाकडातलं सगळं घेऊन येते. ओकमधल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास, हेमिसेल्युलोजच्या जळक्या साखरेपासून कॅरॅमल, लॅक्टोनांपासून खोबरं. वर हवा कोरडी आणि गरम, म्हणून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं आणि प्रूफ चढतं. खालच्या मजल्यावर गारवा आणि दमटपणा, तिथे ते फारसं चढत नाही, कधी उतरतंही. गोव्यात पॉल जॉनची व्हिस्की मुरते ती दमट हवेत. तिथे बाष्पीभवन केंटकीपेक्षा कितीतरी जास्त, पण पाण्यापेक्षा अल्कोहोल उडायचा कल जास्त. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून वय किंवा दर्जा ठरवायला गेलं की माणूस फसतो. आकडा हा हवामानाचा हिशोब आहे.

ताई गोदामात बॅरलांच्या मधून हळूहळू चालत होती. खालच्या मजल्यावर थांबून म्हणाली, “इथे ओल्या मातीचा आणि सफरचंदाचा वास आहे.” जिना चढून वर गेल्यावर डोळे मिटून उभी राहिली. “आणि इथे खारीक. खारीक आणि जुनं लाकडी कपाट.” आमचा गाइड हे भाषांतरात ऐकून खूश झाला. म्हणाला, मिसळणारे लोक हेच करतात, खालच्या मजल्याची फळं आणि वरच्या मजल्याचं लाकूड एकत्र आणतात.

टेस्टिंगला बुकर्ससोबत ‘लिटल बुक’ही होती. बुकर यांचे नातू फ्रेडी नो यांनी २०१७ पासून काढलेली ही मालिका म्हणजे उघडउघड मिश्रणाचा प्रयोग. पहिल्या खेपेत त्यांनी बोर्बनबरोबर कॉर्न व्हिस्की, राय या गव्हासारख्या धान्याची व्हिस्की आणि माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की मिसळली होती. सात पिढ्या एकाच घराण्यात डिस्टिलिंग चालू असताना आठव्या पिढीने मिसळण्याला आपलं काम मानावं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. बुकर्सची चव ओळखीची : भाजलेले शेंगदाणे, व्हॅनिला, दालचिनी, आणि अंगावर येणारा जोर. तो जोर मला आवडतो, कारण त्यामागे माल आहे.

दुपारी बार्डस्टाउन. गाव छोटं, मधोमध जुन्या कोर्टहाउसभोवती वळणारा रस्ता. हेवन हिलच्या गोदामांजवळून जाताना भाऊजींनी ताईला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. ७ नोव्हेंबर १९९६ ला इथे आग लागली. डिस्टिलरी गेली, सात गोदामं गेली आणि सुमारे ९० हजार बॅरलं जळाली. त्यानंतर इतर डिस्टिलऱ्यांनी आपली भांडी वापरायला देऊन हेवन हिलला उभं राहायला मदत केली. याच कंपनीची एलायजा क्रेग बॅरल प्रूफ २०१३ पासून बॅच-बॅचने येते आणि तिचा कोड वाचायला सोपा आहे. ‘ए १२३’ म्हणजे त्या वर्षातली पहिली, पहिल्या महिन्यातली, २०२३ सालची. लार्सेनी बॅरल प्रूफ ही हिची धाकटी बहीण. तिच्यात रायच्या जागी गहू असतो. दोन्हींची एकेक बाटली घेतली, रविवारसाठी.

तिथून बार्डस्टाउन बोर्बन कंपनी. २०१६ मध्ये सुरू झालेली, काचेची, झगझगीत. दुसऱ्या ब्रँडांसाठी त्यांच्या सूत्रानुसार व्हिस्की बनवून देणं हा त्यांचा मोठा धंदा. पण मला बघायची होती त्यांची ‘डिस्कव्हरी’ मालिका. बाहेरून घेतलेल्या जुन्या व्हिस्की मिसळून बनवलेली, ११० प्रूफच्या पुढची. लेबलवर प्रत्येक घटकाचं वय, राज्य, धान्याचं प्रमाण आणि मिश्रणातला टक्का छापलेला असतो. बाटली हातात घेऊन मी ते लेबल कितीतरी वेळ वाचत होतो. ज्यांना आपल्या कामाचा अभिमान आहे ते लपवत नाहीत. ग्राहकाला एवढी माहिती मिळाली तर तो नुसता पिणारा राहत नाही, चवीमागचं कारण शोधायला लागतो. ही पद्धत सगळ्यांनी उचलायला हवी.

शनिवार : लॉरेन्सबर्ग, केंटकी

ज्याची मी वर्षभर वाट बघत होतो तो दिवस.

फोर रोझेस डिस्टिलरीची इमारत केंटकीत शोभत नाही, आणि म्हणूनच लक्षात राहते. १९१० च्या सुमाराची, स्पॅनिश मिशन धाटणीची, पिवळसर भिंती, लाल कौलं. आत मात्र जो प्रकार चालतो तो दुसरीकडे कुठेही या रीतीने चालत नाही. बहुतेक डिस्टिलऱ्या एक-दोन धान्यसूत्रं आणि एक यीस्ट यांवर काम करतात. इथे धान्यसूत्रं दोन : एकात राय ३५ टक्के, दुसऱ्यात २०. आणि यीस्ट पाच. दोन पंचे दहा, म्हणजे दहा वेगळ्या बोर्बन बनवून, वेगळ्या मुरवून, मग मिसळायच्या. प्रत्येकीला चार अक्षरांचं नाव. ओबीएसव्ही, ओईएसके वगैरे. पहिलं आणि तिसरं अक्षर कायम तेच. दुसरं धान्यसूत्र सांगतं, बी म्हणजे जास्त राय, ई म्हणजे कमी. चौथं यीस्ट : व्ही नाजूक फळांचं, के हलक्या मसाल्याचं, ओ भरगच्च फळांचं, क्यू फुलांचं, एफ वनस्पतींचं.

कागदावर हे गणितासारखं वाटतं. ग्लासात तसं वाटत नाही. ओबीएसके आणि ओईएसके शेजारी ठेवल्या होत्या, यीस्ट एकच, फक्त राय कमी-जास्त. पहिलीत लवंग आणि मिरी पुढे, गोडवा मागे. दुसरीत तोच मसाला, पण मक्याच्या गोडव्यात बुडालेला. मग क्यू. तिचा वास घेतल्यावर ताई एकदम म्हणाली, “गुलाब! सुकलेल्या पाकळ्यांचा.” खरंच होता. नुसती क्यू मला ग्लासभर प्यायला आवडणार नाही, फार अत्तरी आहे. पण मिश्रणात तिचा छोटासा वाटा पडला की अख्ख्या बोर्बनला वरून हवा मिळते. मिसळणाऱ्याला ज्या गोष्टी दिसतात त्या सिंगल बॅरलवाल्याला दिसत नाहीत, असं मी म्हणतो ते यासाठी. एकटी उभी राहू न शकणारी चव दुसरीला उभं करते.

या कंपनीची कथाही मिश्रणाशीच बांधलेली आहे. १९४० च्या दशकात सीग्रॅम या बड्या दारू कंपनीने फोर रोझेस विकत घेतली. तेव्हा ती अमेरिकेत भरपूर खपणारी स्ट्रेट बोर्बन होती. पन्नाशीच्या अखेरीस सीग्रॅमने अमेरिकेत तिची विक्री बंद केली. खरी बोर्बन युरोप आणि जपानला जायला लागली आणि देशात त्याच नावाखाली स्वस्त ब्लेंडेड व्हिस्की विकली गेली. गुलाबाचं चिन्ह तेच, आत भलतंच. कित्येक दशकं हे चाललं. २००२ मध्ये जपानच्या किरिनने ब्रँड घेतला, तेव्हाचे मास्टर डिस्टिलर जिम रटलेज यांच्या आग्रहाला यश आलं आणि खरी बोर्बन मायदेशी परतली. अमेरिकन माणूस अजूनही ब्लेंड म्हटलं की जरा संशयाने बघतो, त्याला असा इतिहास आहे. ज्या ब्रँडचं नाव मिश्रणाने खराब झालं त्यानेच आज मिसळण्याची कला सगळ्यांच्या पुढे नेली, हे बघून मला फार बरं वाटलं.

दरवर्षी शरदात त्यांची लिमिटेड एडिशन स्मॉल बॅच येते. निवडक सूत्रांची, बऱ्याचशा बारा वर्षांच्या पुढच्या मालाची, बॅरलच्या ताकदीवर. ही ताकद गेल्या काही वर्षांत ११० प्रूफच्या आसपासच राहिली आहे. कारण कॉक्स क्रीकची त्यांची गोदामं एकमजली आहेत, वर-खाली तापमानाचा फरक कमी, प्रूफ फार चढत नाही. म्हणजे या गटातल्या सर्वांत मानाच्या बाटल्यांपैकी एक हॅझमॅटच्या जवळपासही फिरकत नाही. आम्हाला तिचा घोटभर मिळाला. संत्र्याची साल, मध, वेलची, मग हळूच लाकूड, आणि गिळल्यानंतर कितीतरी वेळ तोंडात काहीतरी चालूच. भाऊजी एरवी चाखताना बोलत असतात. या वेळी नाही बोलले.

दुपारी नदीच्या कड्यावरच्या वाइल्ड टर्की डिस्टिलरीत. शेजारी केंटकी नदीवरचा जुना रेल्वेपूल, आता गाड्या न जाणारा. जिमी रसेल इथे १९५४ मध्ये रुजू झाले, मुलगा एडी १९८१ मध्ये. त्यांची रेअर ब्रीड १९९१ पासून आहे. सहा, आठ आणि बारा वर्षांच्या बोर्बनांचं मिश्रण, पाणी न घालता, सध्या ११६.८ प्रूफ. भाऊजींचा एक प्रश्न बरेच दिवस अडकलेला होता : इतक्या ताकदीची असून ही इतकी मऊ कशी? उत्तर बॅरल भरण्यात आहे. कायद्याने १२५ प्रूफपर्यंत भरता येतं. तसं केलं की बॅरलं कमी लागतात, पैसे वाचतात. वाइल्ड टर्की ११५ वरच भरते, पूर्वी तर त्याहून कमी होतं. म्हणजे पाणी सुरुवातीपासून व्हिस्कीबरोबर लाकडात राहतं. लाकडातल्या साखरा पाण्यात जास्त विरघळतात, म्हणून चव गोल येते. बॅरलमध्ये सहा वर्षं राहिलेलं पाणी आणि बाटली भरताना नळीने सोडलेलं पाणी यांत फार फरक आहे.

ही बाटली महाग नाही, कुठेही मिळते. नव्याने या वाटेला येणाऱ्याने इथून सुरुवात करावी असं मी कुणालाही सांगेन.

रविवार : दुसरं लॉरेन्सबर्ग, मग सिनसिनाटी

लॉरेन्सबर्ग दोन आहेत. एक केंटकीतलं, दुसरं इंडियानात, ओहायो नदीकाठी, ताईच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. परतताना मुद्दाम तिकडे वळलो. लाल विटांची प्रचंड जुनी डिस्टिलरी, एके काळची सीग्रॅमची, आता एमजीपी या कंपनीची. रस्त्यावरूनच बघितली. कितीतरी नामांकित बाटल्यांमधली बोर्बन आणि राय इथे बनते, पण लेबलवर मोठ्या अक्षरांत हे गाव क्वचितच दिसतं. गुरुवारी लुईव्हिलमध्ये ज्या मिश्रणाचं आम्ही कौतुक केलं त्यातला इंडियानाचा भाग डोळ्यांसमोर आला. फोर रोझेस आणि ही डिस्टिलरी एकेकाळी एकाच मालकाच्या होत्या, हेही मनात येत राहिलं.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात खरी परीक्षा. बुकर्स, रेअर ब्रीड, एलायजा क्रेग बॅरल प्रूफ, लार्सेनी बॅरल प्रूफ आणि बॅरल क्राफ्टची एक बॅच. ताईने आत जाऊन ओतल्या, ग्लासांच्या तळाला आकडे चिकटवले, बाटल्या कपाटात कोंडल्या. चाखण्याच्या मध्ये पाणी आणि बिनतुपाच्या फुलक्याचा तुकडा.

कास्क स्ट्रेंग्थ चाखायची आमची पद्धत लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. ग्लासात पंधरा मिलिलिटरच घ्यायची, दहा मिनिटं तशीच ठेवायची. नाक ग्लासात खुपसायचं नाही, हनुवटीजवळ धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, नाहीतर अल्कोहोल नाक बधिर करतं. पहिला घोट थेंबभर, तो मत बनवायला नाही, तोंड तयार करायला. मत दुसऱ्या घोटावर. मग पाणी. पंधरा मिलिलिटर ६० टक्क्यांची असेल तर तीन मिलिलिटर पाण्याने ती ५० वर येते. ते ड्रॉपरने, थोडं थोडं घालायचं आणि प्रत्येक टप्प्यावर परत वास.

पाणी का, याचं शास्त्रीय उत्तरही आहे. स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर मांडून दाखवलं की धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू जास्त अल्कोहोलमध्ये आत दडून राहतो आणि अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या खाली आलं की पृष्ठभागाकडे येतो. पृष्ठभाग म्हणजे जिथे आपलं नाक आहे. म्हणून माझ्या गुणपत्रिकेत वास, चव आणि गिळल्यावर रेंगाळणं यांच्या जोडीला चौथा रकाना असतो : पाणी सोसते का. चांगलं मिश्रण पाण्याने उलगडतं. घाईने जुळवलेलं सुटं होतं, मका एकीकडे, लाकूड दुसरीकडे.

तीन नंबरचा ग्लास आम्ही दोघांनी पाण्याशिवाय पहिला ठेवला. बुकर्स असेल असं भाऊजींचं म्हणणं होतं. निघाली रेअर ब्रीड. पाणी घातल्यावर क्रम बदलला आणि बॅरल क्राफ्टची बॅच वर गेली. तीन मिलिलिटर पाण्यानंतर तिच्यात जर्दाळू आणि भाजलेली बडीशेप अशी वर आली की ताईने चार पावलांवरून ओळखली. बुकर्सचा जोर पाण्यानेही कमी झाला नाही, शेंगदाणे उलट जास्त स्पष्ट झाले. एलायजा क्रेगमध्ये लाकूड आणि कडवट चॉकलेट भरपूर. मला ती जेवणानंतर, एकटी, सावकाश प्यायला आवडेल. लार्सेनी गव्हामुळे मऊ, बनपावासारखी गोड, पण एकटी असताना मध्ये जरा पोकळ वाटली.

ती पोकळी बघूनच भाऊजी उठले आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन आले. “आता आपण मिसळून बघू.” मापं मिलिलिटरने का नकोत, तर पाणी आणि अल्कोहोल एकत्र आले की घनफळ आकसतं, वजन आकसत नाही. खालची बैठक रेअर ब्रीडची, ७० ग्रॅम. तीत सिरिंजने एलायजा क्रेग पाच ग्रॅम. ढवळलं, थांबलो, वास घेतला. काहीच फरक नाही. दहा ग्रॅमवर शेवट एकदम लांबला, गिळल्यावर कोकोसारखा कडवटपणा मागे राहायला लागला. वीस ग्रॅमवर रेअर ब्रीड हरवली, सगळं लाकूडच लाकूड. दुसरा ग्लास घेऊन परत दहावर आलो. मग लार्सेनी पंधरा ग्रॅम, आणि मधली जागा भरली. गहू दिसत नव्हता, पण तो काढला असता तर लगेच कळलं असतं. दहा ग्रॅम आणि वीस ग्रॅम यांच्या मध्ये एक अख्खी बोर्बन बदलते, हे स्वतःच्या हातांनी केल्यावर गोदामात शेकडो बॅरलांचे नमुने घेऊन बसणाऱ्या माणसांबद्दल वाटणारा आदर दुणावला. त्यांना हे काट्यावर नाही, टाक्यांमध्ये करायचं असतं, आणि एकदा ओतलेलं परत वेगळं होत नाही.

मिश्रण साधारण ५९ टक्क्यांचं झालं. झाकण लावून ठेवून दिलं. मोठ्या कंपन्याही मिसळल्यावर लगेच भरत नाहीत, घटक एकमेकांत मिळायला वेळ देतात.

सोमवार : सिनसिनाटी

निघण्यापूर्वी ताईने बाटली उघडून वास घेतला. “काल तीन वास येत होते, आज एकच येतोय,” म्हणाली. भाऊजी आणि मी चमचाभर चाखलं. कालचा तीक्ष्णपणा बसला होता, मका पुढे आला होता. पण लार्सेनीचा गोडवा शेवटी जरा रेंगाळत होता, कोकोच्या अंगावर बसत होता. पाणी घातल्यावर तर तो जास्तच जाणवला. भाऊजींच्या मते लार्सेनी बारा ग्रॅमवर आणावी. माझ्या मते लार्सेनी तशीच ठेवून तीन-चार ग्रॅम बुकर्स घालावी, शेंगदाण्याचा खमंगपणा गोडवा कापेल. दोन्ही करून बघायचं ठरलं. त्यांनी त्यांच्याकडे बारा ग्रॅमवाली बनवायची, मी माझ्या घरी कोलंबसला बुकर्सवाली, महिनाभर मुरू द्यायची आणि दिवाळीला ताईकडून आकडे चिकटवून घ्यायचे.